परसातला अननस: पोंगा, पागोळी आणि सबुरी

मे महिन्यात आमच्याकडे येणारे प्रश्न ठरलेले असतात. आंब्यातला साका, काजूवरचा ढेकण्या, सुपारीला बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) कधी मारायचं. या खेपेला मात्र सहा जणांनी घरच्या अननसाबद्दल विचारलं आहे. कोणाचीच लागवड चाळीस झाडांच्या वर नाही, काहींचं तर एकच झाड आहे. सगळ्यांना एकत्रच उत्तरं देतो, कारण बहुतेकांचं दुखणं एकच आहे. अननस नारळ-केळीसारखा पाणी पाजून वाढवायला गेले.

प्रश्न (मालवण तालुक्यातल्या एक काकू): बाजारातून आणलेल्या अननसाचा शेंडा विहिरीकडच्या केळीखाली लावला. तीन वर्षं झाली. रोज भांड्यांचं पाणी जातं, आठवड्याला चुलीची राख घालते. "झाड बरा वाढला हा, पण फळ काय धरना नाय."

काकू, तुमच्या झाडाला रोग वगैरे काही नाही. त्याला सुख बोचतंय.

आधी वेळेचं बोलू. शेंड्यापासून लावलेला अननस सगळ्यांत उशिरा फळतो, चांगल्या जागी 22 ते 24 महिने घेतो. जुन्या झाडाच्या बुंध्याशी आलेला फुटवा लावला तर 16 ते 18 महिन्यांत फळ दिसतं. त्यामुळे शेंडा लावणाऱ्याने दोन वर्षं फळाचं नाव काढू नये. पण तुमचं तिसरंही सरलं, म्हणजे बाकी काहीतरी आड येतंय.

हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, पाणी जपून वापरणारं. दिवसा उन्हात ते पानांची रंध्रं मिटून घेतं आणि रात्री उघडतं, म्हणून आपल्या एप्रिल-मेच्या तापातही तग धरतं. मुळं उथळ, फार तर वीत-दीड वीत खोल. खरं जेवण वरून होतं. एकदा थंडीत पहाटे झाडाजवळ उकिडव्या बसून बघा. प्रत्येक पान पन्हळीसारखं खोलगट असतं. त्यावर पडलेलं दव मधल्या खाचेतून हळूहळू ओघळत खाली बुंध्याशी, पानांच्या बेचक्यात जमतं. तिथं ते झाड पाणीही पितं आणि खतही खातं. तुमचं भांड्यांचं पाणी मात्र रोज मुळांत जातंय, म्हणजे ज्याची तहान वरून भागते त्याचे पाय तुम्ही भिजत ठेवलेत.

दुसरी गोष्ट राखेची. आपली जांभ्याची माती आंबट आहे आणि अननसाला तशीच लागते, सामू (पीएच) 5 ते 6 च्या आसपास. राख आणि साबणाचं पाणी दोन्ही त्याच्या उलट गुणाची. सामू वर चढला की मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही, मधली कोवळी पानं पिवळट पडतात. तुमच्या फोटोत ती तशीच दिसताहेत. राख नारळाला घाला, तो दुवा देईल.

तिसरी सावली. माडाखालची चाळणीसारखी सावली चालते, केळीच्या दाट पानांखालची नाही. तिथं पानं लांबच लांब, मऊ होतात आणि झाड फुलायचं विसरतं.

आता करायचं काय? झाड उपटून हलवू नका. केळीची दोन-तीन पानं काढून ऊन येऊ द्या, भांड्यांचं पाणी अळवाकडे वळवा, राख बंद. बुंध्याला थोडी माती आणि कुजलेलं शेणखत लावा. पाऊस ओसरला की महिन्यातून एकदा लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम युरिया विरघळवून, संध्याकाळी, पानांच्या बेचक्यांत थोडं थोडं सोडा. हे सोडताना खालच्या पानांना कधी खत लागून चट्टे पडले असतील तर घाबरू नका, ती पानं जुनीच असतात. दिवाळीपर्यंत पानं मोजा. 35 ते 40 मोठी पानं झाली असतील तर झाड वयात आलंय. पौष-माघाच्या थंड रात्रींत ते आपणहून फुलण्याची शक्यता बरीच असते. नाहीच फुललं तर एक घरगुती उपाय आहे. दोन पिकलेली केळी किंवा एक सफरचंद फोडी करून बुंध्याशी ठेवा, पोंग्यात, म्हणजे मधल्या पानांच्या गाभ्यात, साठलेलं पाणी काढून टाका, आणि अख्ख्या झाडावर मोठी प्लास्टिकची पिशवी घालून चार-पाच दिवस सुतळीने बांधून ठेवा. झाड सावलीत झाकायचं, नाहीतर पिशवीत उकडून जाईल. पिकत्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि तोच अननसाला फुलायची खूण देतो. सहा-सात आठवड्यांनी पोंग्याच्या तळाशी लालसर बोंड दिसेल.

धुराचाही असाच परिणाम होतो. 1874 च्या सुमारास अझोर्स बेटांवरच्या काचघरात धूर झाला आणि अननस वेळेआधी फुलले, तिथून लोकांना हे उमगलं. तुम्ही मात्र झाडाखाली पालापाचोळा पेटवू नका. काचघर आणि आपला परस यांत फरक आहे.

प्रश्न (कुडाळकडचे एक तरुण शेतकरी): चाळीस झाडं आहेत, मॉरिशस जातीची. चतुर्थीला सगळी एकदम तयार करता येतील का? दुकानदार कार्बाइड घाल म्हणतो.

कार्बाइड नको. त्याने झाड फुलतं हे खरं, पण हाताळायला ते धोक्याचं आहे आणि फळं पिकवायला तर त्यावर बंदीच आहे. एकदा घरात आलं की आंब्याच्या पेटीतही जातं, हे मी पाहिलेलं आहे.

या चतुर्थीची वेळ गेली. फुलवण्याची प्रक्रिया केल्यापासून फळ हाताशी यायला साडेचार ते सहा महिने लागतात, मॉरिशस लवकर, क्यू ही दुसरी जात उशिरा. म्हणजे पुढच्या वर्षी मार्चच्या मध्याला कामाला लागा. 39 टक्क्यांचं इथेफॉन (इथिलीन सोडणारं औषध) मिळतं. 10 लिटर पाण्याला ते साधारण 0.65 मिली, युरिया 200 ग्रॅम आणि कॅल्शियम कार्बोनेट 4 ग्रॅम. एका झाडाच्या पोंग्यात यातलं 50 मिली ओतायचं, म्हणजे तुम्हाला दोनच लिटर लागेल. दोन लिटरला औषध 0.13 मिली, हे मोजणार कसं? 1 मिली औषध पाण्यात मिसळून एकूण 100 मिली करा आणि त्यातलं 13 मिली घ्या. युरिया 40 ग्रॅम, कार्बोनेट चिमूटभर. हातमोजे घाला, ऊन उतरल्यावर ओता, आणि दुसऱ्या दिवशी पाऊस नसेल असं बघा. ज्या झाडाला 35 पानंही नाहीत त्याला हात लावू नका. फूल येईल, पण फळ मुठीएवढं राहील.

एक मात्र आधीच सांगून ठेवतो. ऑगस्टमधल्या पावसात पिकलेला अननस दिसायला देखणा असतो, चवीला पाणचट आणि आंबटसर. माटवीला (गणपतीवरच्या फळाफुलांच्या चौकटीला) टांगायचा तर उत्तम. सासव (मोहरी-खोबऱ्याचं कालवण) करायचं असेल तरी चालेल, गूळ जरा जास्त घाला. नुसता कापून खायचा तर मेअखेरचाच.

प्रश्न (सावंतवाडीजवळचे एक निवृत्त शिक्षक): दरवर्षी जुलैत दोन-तीन झाडांचा मधला भाग सडतो. मधलं पान ओढलं की हातात येतं, घाण वास येतो.

गुरुजी, वर्णन इतकं नेमकं आहे की झाड बघायला यायची गरज नाही. हातात आलेल्या पानाचं बूड पांढरं, मऊ, आणि त्याच्या वर तपकिरी काठ, असंच असणार. ही पोंगासड. सुपारीला कोळेरोग आणणारी जी बुरशी, तिच्याच कुळातली ही. तिला साचलेलं पाणी हवं असतं आणि जुलैत आपण ते तिला फुकट देतो.

तुम्ही लिहिलंय की झाडं घराच्या दक्षिणेला भिंतीलगत एका ओळीत आहेत. पागोळीचं पाणी थेट तिथं पडत असणार. याच चुकीपायी मीही माझ्या राहत्या घरी पहिल्या वर्षी सहा झाडं घालवली आहेत, तेव्हा कोणाला हसायला मला जागा नाही. कौलावरून पडणारी धार माती उडवते, ती माती बुरशीसकट पोंग्यात जाते आणि तिथं साठलेल्या पाण्यात कुजत बसते.

सडलेली झाडं मुळासकट काढून लांब टाका, खतखड्ड्यात नको. उरलेली या पावसात हलवता येणार नाहीत, म्हणून भिंतीला पन्हळ लावा किंवा निदान झाडांभोवती सोडणांचा (नारळाच्या सालांचा) थर पसरा, म्हणजे माती उडणार नाही. ऑगस्टअखेर नवी लावणी करायची ती उतारावर किंवा वीतभर उंच गादीवर, दोन झाडांत दीड ते दोन फूट अंतर ठेवून. लावण्याआधी फुटव्यांची बुडाकडची सुकी पानं सोला, आठवडाभर सावलीत उलटे वाळत ठेवा, मग सुपारीसाठी करता त्याच एक टक्का बोर्डो मिश्रणात बुडवून निथळून लावा. वर काकूंना राख बंद करायला सांगितली आणि इथं चुना कसा, असं विचाराल. काम करतं ते मोरचूद, चुना त्याला सांभाळायला आहे. एकदा बुडवल्याने मातीचा सामू बदलत नाही.

प्रश्न (गुहागरच्या एक ताई): पानं टोकाकडून लाल होऊन खाली मुडपताहेत. बुंध्याशी मुंग्यांची रांग आहे, मुंग्यांची पावडर टाकून झाली.

मुंग्या चोर नाहीत, राखणदार आहेत. खालचं एक पान बाजूला ओढून त्याच्या बुडाशी बघा, पिठात लोळल्यासारखे पांढरे किडे चिकटलेले दिसतील. तो पिठ्या ढेकूण. तो रस शोषतो, त्याच्या अंगातून गोड चिकटा निघतो, मुंग्या तो खातात आणि बदल्यात ढेकणाला एका झाडावरून दुसऱ्यावर वाहून नेतात. लाल पडून मुडपणं हा त्याच्याबरोबर पसरणारा मर रोग आहे. फार मुडपलेलं झाड वाचत नाही, काढा. बाकीच्यांवर लिटरला 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा साबणाचा फेस करून पानांच्या बुडाशी नीट पोचेल अशी फवारणी, दहा दिवसांनी पुन्हा. कोरड्या दिवसांतच. या झाडांचे फुटवे शेजारी कोणाला देऊ नका, प्रेमानेही नको.

प्रश्न (रत्नागिरी शहरातले एक कुटुंब): गॅलरीत कुंडीत होईल का?

होईल. 12 ते 14 इंची कुंडी, खाली भोकं मोकळी, जांभ्याची माती, कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू सारखी सारखी. रोज निदान पाच-सहा तास ऊन. पाणी आठवड्यातून दोनदा, माती बोटभर सुकल्यावरच. क्यूची पानं टोकाकडेच काटेरी असतात, क्वीन आणि मॉरिशसची कडेने पूर्ण. घरात लहान मूल असेल तर क्यू लावा. कुंडीतलं फळ किलोभर झालं तरी पुष्कळ समजा. शेंडा विकत घेताना मधला कोंब खुडलेला नाही ना ते बघा, विक्रेते कधी कधी खुडतात.

प्रश्न (देवगडचे एक बागायतदार): फळ हिरवं काढून आंब्यासारखं अढीत घातलं. पिवळं झालं, पण गोड नाही झालं.

होणारही नाही. हापूसच्या कैरीत पिष्ट साठलेलं असतं, अढीत त्याची साखर होते. अननसात तसा साठा नसतो, झाडावर असेपर्यंत जेवढी साखर आली तेवढीच. नंतर फक्त रंग बदलतो आणि मऊ पडतो. म्हणून खालच्या दोन-तीन ओळींचे डोळे पिवळे होऊन सपाट झाले, बुडाशी वास सुटला की दोन बोटं देठ ठेवून कापा. तोवर चटका लागू नये म्हणून मेच्या उन्हात फळावर सुक्या गवताची टोपी घाला, किंवा झाडाचीच पानं वर गोळा करून बांधा.

तुम्ही जोडून विचारलंय की फळ काढलेलं झाड टाकायचं का. टाकू नका. ते स्वतः पुन्हा फळणार नाही, पण बुंध्याशी आलेल्या फुटव्यांतले जोमदार एक-दोन तिथंच राहू द्या, बाकीचे काढून नव्या जागी लावा. त्या खोडव्याचं फळ थोडं लहान येतं, पण लवकर येतं. तीन-चार वर्षांनी जागा बदला.

आणि फळ पिवळं पडायला लागलं की दिवसाही आणि रात्रीही गडग्यावरून एक चक्कर मारत जा. साळिंदर आणि वानरांना वास आपल्या आधी लागतो, आणि दोडामार्गाकडच्यांना तर तिलारीच्या हत्तींबद्दल मी वेगळं सांगायला नको. चार-पाचच फळं असतील तर प्रत्येकावर जुन्या जाळीची पिशवी बांधून टाका. वानर थांबतं असं नाही, पण वेळ लागतो, तेवढ्यात कुत्रा जागा होतो.