टेस्टरवर खरे ठरलेले खडे आणि सीलबंद म्हणून आलेला जुना आयपॉड

प्रश्न : मी सांगलीत राहते. दिवाळीपूर्वी पुण्यातल्या दागिन्यांच्या प्रदर्शनात मुंबईच्या एका सराफाकडून मी प्रत्येकी सात खड्यांच्या कुड्यांचा जोड ६४,००० रुपयांना घेतला. त्यांच्या छापील पत्रकात ‘डायमंड कुड्या, १८ कॅरेट हॉलमार्क, डायमंड टेस्टर पास’ असे होते, आणि विक्रेत्याने माझ्यासमोर खड्यांना यंत्र टेकवूनही दाखवले. बिलावर मात्र ‘१८ कॅ. कुड्या जोड, खडे १४’ एवढेच लिहिले आहे. फिरकी सैल झाली म्हणून आमच्या नेहमीच्या सोनारांकडे गेले, तेव्हा त्यांनी भिंगातून पाहून हे खडे मोझनाइटचे असल्याचे सांगितले. दुकानदार म्हणतो, ‘नैसर्गिक हिरा असे आम्ही कुठे म्हटले? हवे तर चाळीस टक्के कापून बदलून देतो.’ त्याच सुमारास वडिलांसाठी एका ऑनलाइन बाजारपेठेवरून ‘नवा, सीलबंद’ आयपॉड १७,९०० रुपयांना मागवला आणि तीन आठवड्यांनी त्यांच्या वाढदिवशी दिला. त्याची बॅटरी तासाभरात उतरते. अनुक्रमांक टाकून पाहिल्यावर निर्मात्याच्या संकेतस्थळावर हमीची मुदत पूर्वीच संपल्याचे दिसते. परतीची सात दिवसांची मुदत उलटली, असे सांगून ती कंपनी हात झटकते. दोन्हींची मिळून एक तक्रार करता येईल का? पोलिसांत जावे का? मुलीच्या लग्नाचे दागिनेही घ्यायचे आहेत. तेव्हा काय पाहावे?

उत्तर : आपल्या दोन्ही खरेदींमध्ये कायद्याचा प्रश्न एकच आहे. वस्तू कोणत्या वर्णनाने विकली गेली आणि ते वर्णन खरे होते का, हा तो प्रश्न होय. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ नुसार वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे, अशी अट प्रत्येक विक्रीत न लिहिताही गृहीत असते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये मालाचा दर्जा, प्रत किंवा घटक यांविषयी खोटे सांगणे, तसेच वापरलेला वा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणे, या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथा म्हणून स्पष्ट नमूद आहेत. पहिली गोष्ट आपल्या कुड्यांना लागू पडते, दुसरी आयपॉडला. तरीही दोन्हींची तक्रार एकत्र करू नये. विक्रेते वेगळे, व्यवहार वेगळे आणि पुरावाही वेगळा आहे. एकत्र केल्यास पहिल्याच तारखेला त्याच मुद्द्यावर हरकत येईल आणि वेळ वाया जाईल.

कुड्यांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे, म्हणून आधी ते घेतो. आपल्यासमोर वापरलेले हातातले यंत्र खडा उष्णता किती वेगाने वाहून नेतो एवढेच मोजते. बाजारात अमेरिकन डायमंड म्हणून ओळखला जाणारा क्युबिक झिर्कोनिया त्या चाचणीत नापास होतो. मोझनाइट म्हणजे सिलिकॉन कार्बाइड; ते उष्णता इतकी चांगली वाहून नेते की असे साधे यंत्र त्याला हिराच ठरवते. त्यामुळे ‘टेस्टर पास’ हे शब्द खरे असले, तरी सामान्य ग्राहकाला ते ‘हिरा’ असेच ऐकू येतात, हे विक्रेत्याला पक्के ठाऊक असते. महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणारी जाहिरात कलम २(२८) खाली दिशाभूल करणारी ठरते, आणि हे पत्रक त्या व्याख्येत नेमके बसते असे माझे मत आहे. ‘नैसर्गिक म्हटले नव्हते’ हा बचावही टिकणारा नाही. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा हा रासायनिकदृष्ट्या हिराच असतो आणि त्याच्या बाबतीत नैसर्गिक की कृत्रिम हा वाद होऊ शकतो. मोझनाइट मात्र हिऱ्यासारखा दिसणारा निराळा पदार्थ आहे. तो नैसर्गिक हिरा नाही आणि प्रयोगशाळेतला हिराही नाही.

आपली अडचण बिलाची आहे. त्यावर केवळ ‘खडे १४’ असल्याने दुकानदार म्हणेल की लेखी व्यवहार एवढाच होता. परंतु विक्रीचे वर्णन फक्त बिलातच असले पाहिजे असे कायदा म्हणत नाही. पत्रक, मांडणीवरची पाटी, विक्रेत्याचे व्हॉट्सॲपवरचे संदेश आणि पाठवलेली छायाचित्रे यांतूनही ते सिद्ध होते. म्हणून पत्रकाची मूळ प्रत जपून ठेवा, संदेश पुसू नका आणि सोबत असलेल्या कोणाची साक्ष घेता येत असेल तर तिचे शपथपत्र आजच तयार करा. मोबाइलमधला मजकूर दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडावे. ग्राहक आयोगापुढे पुराव्याचे नियम न्यायालयाइतके काटेकोर नसतात, पण हे प्रमाणपत्र असले की नाहक वाद टळतो. त्याच सराफाच्या सूचीपत्रात मोझनाइटचे दागिने वेगळ्या नावाने आणि वेगळ्या दराने दिसत असतील, तर तो फार मोलाचा पुरावा आहे. कारण हा फरक दुकानाला माहीत होता, हे त्यातून दिसेल.

दुकानदार आणखी एक मुद्दा मांडण्याची शक्यता आहे, तो म्हणजे थोडी चौकशी केली असती तर आपल्याला कळले असते. करार अधिनियमाच्या कलम १९ मधील अपवादावर हा युक्तिवाद बेतलेला असतो. परंतु तो अपवाद निरागस चुकीच्या विधानासाठी आणि मौनातून झालेल्या फसवणुकीसाठी आहे. समोर यंत्र लावून ग्राहकाला जाणूनबुजून खात्री पटवून देणाऱ्याला त्याचा आधार मिळू नये. शिवाय आपण सावधपणे विचारले होते, चाचणी पाहिली होती, आणि फसवणूक झाली ती त्या चाचणीतूनच, हे तक्रारीत ठळकपणे लिहा.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. कुड्यांना यापुढे कोणीही हात लावू नये. खडा कोंदणातून काढून पाहावा असा मोह होईल, आपले सोनारही भल्या हेतूने तसे सुचवतील; पण एकदा खडा सुटला की ‘बदलला कोणी?’ हा प्रश्न उभा राहतो आणि त्याला उत्तर देता येत नाही. फिरकीचे कामही तूर्त थांबवा. कुड्यांवरचा एचयूआयडी हा हॉलमार्कचा सहा अक्षरी-अंकी क्रमांक स्पष्ट दिसेल अशी छायाचित्रे घ्या आणि भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तो तपासा. तिथे नोंदणीकृत सराफाचे नाव आणि सोन्याची शुद्धता कळते, म्हणजे हा दागिना त्याच दुकानाचा आहे हे सिद्ध करणे सोपे होते. मात्र हॉलमार्क सोन्याची ग्वाही देतो, खड्याची नाही. अनेक सुशिक्षित ग्राहकांची समजूत इथेच चुकते आणि विक्रेते तिचा लाभ घेतात. १८ कॅरेट म्हणजे हजारात ७५० भागांची शुद्धता. तपासणीत तीही कमी भरली, तर भारतीय मानक ब्युरोच्या २०१८ च्या नियमांनुसार तुटीच्या फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मागता येतो. तो हक्क वेगळा आहे.

त्यानंतर मुंबईतील एखाद्या मान्यताप्राप्त रत्नपरीक्षण प्रयोगशाळेकडून दागिना आहे तसाच ठेवून ओळखीचा अहवाल घ्या. आपल्या सोनारांचे निदान बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे, कारण मोझनाइटमध्ये प्रकाशाचे दुहेरी वक्रीभवन होते आणि दहापट भिंगाखाली खडा जरा तिरका धरला की मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. हिऱ्यात तसे होत नाही. तरीही आयोगाला यंत्रावर आधारलेला अहवाल अधिक विश्वसनीय वाटतो. दुकानदाराने तो अमान्य केला, तर ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३८ नुसार आयोग स्वतः वस्तू मोहोरबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि अहवाल साधारणतः ४५ दिवसांत यावा अशी तरतूद आहे. त्याचे शुल्क प्रथम आपल्याला भरावे लागेल. ते खर्चाच्या मागणीत धरा.

चाळीस टक्के कापून बदलून देण्याचा प्रस्ताव स्वीकारू नका. कुड्या परत दिल्या की पुरावाही दुकानात जातो, आणि अशा वेळी ‘आता कोणतीही तक्रार उरलेली नाही’ अशा ओळीवर सही मागितली जाते. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे बिलावरचे वाक्यही इथे लागू नाही. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीच कलम २(४७) खाली अनुचित प्रथा आहे.

आयपॉडचे प्रकरण तुलनेने सरळ आहे. ॲपलने आयपॉडचे उत्पादन मे २०२२ मध्ये बंद केल्याचे जाहीर केले. त्यानंतर ‘नवा’ म्हणून विकला जाणारा आयपॉड एकतर उरलेल्या साठ्यातला असतो किंवा वापरून दुरुस्त केलेला. वापरलेले यंत्र विकण्यास कायद्याची हरकत नाही, पण तसे सांगून विकले पाहिजे. ऑर्डरच्या ईमेलमध्ये ‘नवा, सीलबंद’ हे शब्द असतील, तर ते आपले सर्वांत भक्कम हत्यार आहे. विक्रीचे पान नंतर बदलता येते, ईमेल बदलत नाही. त्याच्या जोडीला अनुक्रमांकाच्या पानाचे दिनांकासह छायाचित्र, खोक्यावरचे लेबल आणि अधिकृत सेवा केंद्राचा बॅटरीबाबतचा लेखी अभिप्राय ठेवावा.

सात दिवसांच्या मुदतीचा बाऊ करू नका. ती मुदत ग्राहकाचे मन बदलल्यास उपयोगी असते. खोट्या वर्णनाने विकलेला माल त्या मुदतीनंतर खरा ठरत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० च्या नियम ६ नुसार जाहिरातीत सांगितलेले गुण नसलेला माल परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. बाजारपेठ चालवणारी कंपनी स्वतःला केवळ मध्यस्थ म्हणवते आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७९ चे संरक्षण मागते. ते संरक्षण योग्य दक्षता घेणाऱ्यालाच मिळते. आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा: त्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि एका महिन्यात तक्रारीचे निराकरण करावे, असा नियम आहे. त्याच पत्रात विक्रेत्याचे नाव आणि पूर्ण पत्ता मागा. खरेदीनंतर लेखी मागणी केल्यास तो देणे कंपनीला बंधनकारक आहे. आयोगापुढे विक्रेता आणि कंपनी या दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, कारण विक्रेता वगळला तर कंपनी नेमके तेच कारण पुढे करील. दरम्यान १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करावी. अशा रकमेच्या तक्रारी पुष्कळदा तिथेच मिटतात.

दोन्ही तक्रारी आपल्याला सांगलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात दाखल करता येतील. सराफ मुंबईचा आणि खरेदी पुण्यातली असली, तरी कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथे दाद मागता येते. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला दिलेली ही फार मोठी सोय आहे. अधिकारक्षेत्र मोजताना दिलेली किंमत पाहिली जाते, मागितलेली भरपाई नव्हे, आणि जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख रुपये आहे. किंमत पाच लाखांपर्यंत असल्याने तक्रारीचे शुल्क लागणार नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल करता येते आणि दूरदृश्य प्रणालीने सुनावणी मागता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. ती सोनारांनी सांगितले त्या दिवसापासून मोजावी असे म्हणता येईल, पण त्यावर विसंबू नका. खरेदीच्या तारखेपासूनच मोजा. किंमत व्याजासह परत, तपासणीचा खर्च, माफक भरपाई आणि ती विक्रीपद्धत बंद करण्याचा आदेश, एवढी मागणी करावी. लाखांची भरपाई मागितल्याने तक्रारीला वजन येत नाही, उलट तिची विश्वासार्हता घटते.

पोलिसांविषयी माझे मत असे की आज जाऊ नये. खोटे सांगून पैसे घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक होऊ शकते, परंतु तिथे आरंभापासूनचा अप्रामाणिक हेतू सिद्ध करावा लागतो आणि पैसे परत मिळवण्याचा तो मार्ग नव्हे. त्याच प्रदर्शनातले आणखी काही ग्राहक असेच फसले असल्याचे आढळले, तर विचार बदलावा; तेव्हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडेही जाता येईल, ज्याला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार आहे.

मुलीच्या लग्नाच्या खरेदीसाठी एकच आग्रह धरा: खड्याचे नाव बिलावर लिहून घ्या. नैसर्गिक हिरा, प्रयोगशाळेतला हिरा, मोझनाइट किंवा अमेरिकन डायमंड यांपैकी जे असेल ते, कॅरेटमधले वजन आणि अहवालाचा क्रमांक यांसह. मोझनाइट किंवा अमेरिकन डायमंड घेण्यात काहीही कमीपणा नाही. त्या नावाने आणि त्या भावात मिळाले तर ती उत्तम खरेदी आहे. बिलात सोन्याचे निव्वळ वजन खड्यांपासून वेगळे दाखवलेले असावे, नाहीतर खड्यांचे वजनही सोन्याच्या भावाने मोजले जाण्याचा धोका राहतो. पुढे मोडताना किंवा बदलताना खड्याचे किती धरणार, हेही त्याच कागदावर लिहून घ्या. हे लिहून देण्यास जो सराफ टाळाटाळ करतो, त्याच्याकडून खडा घेऊ नये. वडिलांसाठी दुसरे संगीतयंत्र घेताना बिलावर अनुक्रमांक आणि ‘नवे’ हा शब्द हवा. खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, निर्मितीचा महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असावी, कारण वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार ती माहिती देणे सक्तीचे आहे. आणि भेट द्यायची असली, तरी यंत्र आल्या दिवशीच उघडून, उघडतानाचे चित्रीकरण करून, चालवून पाहावे.

पहिले पाऊल म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल हाती येताच सराफाला पोचपावतीसह डाकेने नोटीस पाठवा आणि उत्तरासाठी पंधरा दिवस द्या. नोटिशीत पोलिसांची धमकी घालू नये. आयपॉडबाबतचे पत्र मात्र आजच तक्रार अधिकाऱ्याला पाठवावे, म्हणजे त्याचा एक महिना लगेच सुरू होईल.