गोळी चुकत नाही, तरी टीएसएच वर का?

प्रश्न : थायरॉइडसाठी ७५ मायक्रोग्रॅमची गोळी चार वर्षं घेते आहे. मागच्या तपासणीत टीएसएच २.८ होता, आता ९.४ आला. गोळी एकही दिवस चुकलेली नाही. तीन महिन्यांपूर्वी हाडांसाठी कॅल्शियम सुरू झालं. विसरायला नको म्हणून तेही सकाळी याच गोळीबरोबर घेते. डोस वाढवावा लागेल का?

उत्तर : लागेलच असं नाही, आधी कॅल्शियमची वेळ बदला. टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक (हार्मोन); रक्तात थायरॉइडचं औषध कमी पडलं की तो चढतो. थायरॉइडची गोळी, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, लहान आतड्यात शोषली जाते. कॅल्शियम सोबत गेलं की ते औषधाला आतड्यातच धरून ठेवतं आणि गोळीतला बराच भाग रक्तात न जाताच बाहेर पडतो. लोहाच्या गोळ्या आणि ॲल्युमिनियम असलेली आम्लपित्ताची औषधंही हेच करतात. या सगळ्यांत आणि थायरॉइडच्या गोळीत किमान ४ तासांचं अंतर हवं.

सकाळी उठल्याबरोबर गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या आणि पुढे अर्धा ते एक तास काही खाऊ नका. कॉफीसुद्धा नाही! ‘उपाशीपोटी’ या शब्दात बरेच जण कॉफी धरतच नाहीत. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर घ्या. कार्बोनेट प्रकारचं असेल तर ते अन्नाबरोबरच नीट शोषलं जातं.

वेळ बदलल्यावर टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी तपासा. टी-४, म्हणजे गोळीतून मिळणारं थायरॉइडचं संप्रेरक, रक्तात निम्मं व्हायलाच साधारण ७ दिवस लागतात आणि टीएसएच त्याच्याही मागून सावकाश सरकतो. पंधरा दिवसांत केलेल्या तपासणीवरून डोस बदलला, तर पुढच्या वेळी तो उलटा फिरवायची पाळी येते. फ्री टी-४ (रक्तातलं मोकळं टी-४) बघायचं असेल, तर त्या सकाळी आधी रक्त द्या, मग गोळी घ्या. गोळीनंतर काही तास ते थोडं चढलेलं असतं. केसांसाठी बायोटिन घेत असाल, तर निदान २ दिवस आधी थांबवा. तपासणीच्या काही पद्धतींत त्याच्यामुळे टीएसएच खोटाच कमी दिसतो.

एवढं करूनही आकडा वरच राहिला, तर डॉक्टर डोस वाढवतील. मात्र गरोदर असाल, तर ही आठ आठवड्यांची वाट बघू नका, आजच त्यांना कळवा.

प्रश्न : वडील ६६ वर्षांचे. कॅल्शियम १०.९, पुन्हा तपासलं तर ११.१. पीटीएच ५८, लॅबची मर्यादा १५ ते ६५. पीटीएच नॉर्मल आहे, मग काळजी नाही ना?

उत्तर : इथे ‘नॉर्मल’ हा शब्द फसवा आहे. रक्तातलं कॅल्शियम चढलं की गळ्यातल्या चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथींनी पीटीएच, म्हणजे कॅल्शियम वाढवणारं त्यांचं संप्रेरक, आवरतं घ्यायला हवं. निरोगी माणसात एवढ्या कॅल्शियमला ते मर्यादेच्या तळाशी किंवा त्याखाली दिसेल. ११.१ असताना ५८ म्हणजे ग्रंथी ऐकतच नाहीये. प्रायमरी हायपरपॅराथायरॉइडिझमची, म्हणजे या ग्रंथी स्वतःहूनच जास्त पीटीएच सोडण्याच्या आजाराची, शंका घ्यायला एवढं पुरे. बहुतेक वेळा चारपैकी एकाच ग्रंथीत साधी गाठ असते, कर्करोग क्वचित.

आता अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं), ड जीवनसत्त्व आणि २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम तपासून घ्या. शेवटची तपासणी कंटाळवाणी म्हणून टाळली जाते, पण टाळू नये: एका आनुवंशिक प्रकारात रक्तातले आकडे असेच दिसतात, लघवीत मात्र कॅल्शियम कमी असतं, आणि त्याला ऑपरेशन लागत नाही. लिथियम किंवा रक्तदाबासाठी थायझाइड गटातली गोळी चालू असेल, तर तेही सांगा. रक्त घेताना दंडाला पट्टा बराच वेळ आवळून ठेवला, तरी कॅल्शियम किंचित जास्त येतं.

स्कॅनची घाई नको. स्कॅन गाठ कुठे आहे ते दाखवतो. आजार आहे की नाही, हे रक्त आणि लघवीच सांगतात. मुतखडा, हाडांची झीज, मूत्रपिंडाचं काम कमी होणं किंवा कॅल्शियम वरच्या मर्यादेपेक्षा १ मिलिग्रॅमहून जास्त असणं, यांपैकी काही असेल तर ऑपरेशनचा विचार होतो. तोवर भरपूर पाणी प्यायला सांगा. जेवणातलं नेहमीचं दूध-दही तोडू नका. ते तोडलं तर पीटीएच आणखी चढू शकतं.

प्रश्न : थायरॉइड पूर्ण काढून दोन दिवस झाले. ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येताहेत. अशक्तपणा असेल का?

उत्तर : नाही, कॅल्शियम उतरत असावं. तांदळाच्या दाण्याएवढ्या पॅराथायरॉइड ग्रंथी थायरॉइडच्या पाठीलाच चिकटलेल्या असतात. ऑपरेशनमध्ये त्यांचा रक्तपुरवठा दुखावला, तर पहिल्या २ ते ४ दिवसांत कॅल्शियम सर्वांत खाली जातं. आजच सर्जनला फोन करा आणि कॅल्शियम, पीटीएच, मॅग्नेशियम तपासा. मॅग्नेशियम कमी असेल, तर कितीही कॅल्शियम दिलं तरी आकडा हलत नाही. अंगठा तळहाताकडे ओढला जाऊन हात आखडला, घसा आवळल्यासारखा वाटला किंवा आकडी (फिट) आली, तर फोनवर थांबू नका, थेट तातडीच्या विभागात जा. तिथे कॅल्शियम शिरेतून देतात.