सावलीत वाळवलेल्या मातीत थिनर सापडेल का?

प्रश्न : अंबडजवळ जुना प्लॉट घेतला. तिथे पूर्वी मशीनचे पार्ट धुऊन ग्रीस काढायचं काम चाले. पायासाठी चार फूट खोदल्यावर थिनरसारखा वास आला. शेतीच्या माती परीक्षणासारखी पाच ठिकाणची माती एकत्र केली, सावलीत वाळवली, चाळून अर्धा किलो प्रयोगशाळेत दिली. अहवाल म्हणतो, ‘आढळले नाही’. मग वास कसला?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वास खरा आहे, नमुना वाया गेला. नत्र-स्फुरद-पालाश वाळवल्याने उडून जात नाहीत, म्हणून शेतीत ती पद्धत बरोबर. बेंझिन, टोल्युईन, ट्रायक्लोरोएथिलीन ही थिनर किंवा ग्रीस काढायच्या द्रवांत असणारी रसायनं मात्र माती मिसळताना, वाळवताना, चाळताना हवेत जातात. तुमचा अहवाल उरलेल्या मातीचा आहे.

पुन्हा नमुना घेताना वास आलेल्या थराची खरवडून ताजी बाजू उघडा. हुंगून जागा ठरवू नका. पीआयडी मीटर (हवेतली अशी वाफ मोजणारं हातातलं यंत्र) भाड्याने मिळाला तर उत्तम. टोक कापलेली प्लास्टिकची सिरिंज दाबून साधारण ५ ग्रॅम माती घ्या आणि काही सेकंदांत ४० मिलिच्या काचेच्या बाटलीत सोडा. माती घट्ट असेल तर धातूची कोरिंग नळी लागेल. बाटलीत प्रयोगशाळेनेच १० मिलि मिथेनॉल मोजून, वजन करून दिलेलं असतं. म्हणून तिच्यावर वेगळं लेबल चिकटवू नका, वजन बदलतं. परमनंट मार्करही नको, त्याच्या शाईतच सॉल्व्हंट असतं. झाकणाच्या आट्यांत मातीचा कण राहिला तर बाटली गळते. नमुने इथेही बिघडतात.

मिथेनॉलमुळे नमुना पातळ होतो, अगदी सूक्ष्म प्रमाण निसटतं. त्यासाठी दुसऱ्या बाटलीत माती ५ मिलि शुद्ध पाण्यात घालून, बाटली आडवी ठेवून गोठवतात. परदेशी पद्धतीत या पाण्यात सोडियम बायसल्फेट हा आम्लधर्मी क्षार घालायचा पर्याय आहे. आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत तो नको. आम्लाने माती फसफसते आणि कार्बन डायऑक्साइडच्या बुडबुड्यांबरोबर हवी असलेली वाफही निघून जाते. चिमूटभर मातीवर व्हिनेगर टाकून बघा, फेस आला तर चुनखडी आहे समजा.

तिसऱ्या डबीत नुसती माती, ओलाव्यासाठी. निकाल कोरड्या वजनावर देतात आणि काळी माती पाणी भरपूर धरते. सोबत ट्रिप ब्लँकची, म्हणजे प्रयोगशाळेने दिलेली माती नसलेली, बाटली न उघडता न्यायची-आणायची. त्यात काही सापडलं तर दोष प्रवासाचा. गाडीत पेट्रोलचा कॅन असला की हमखास.

मिथेनॉलच्या बाटल्या सुमारे ४ अंश सेल्सिअसला ठेवून १४ दिवसांत तपासून व्हायला हव्यात. मिथेनॉल ज्वलनशील, कुरिअरवाले सहसा घेत नाहीत. बर्फाच्या पेटीतून स्वतः पोचवा. प्रयोगशाळा निवडताना ‘एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) आहे का’ एवढंच विचारू नका. मान्यतेच्या यादीत माती आणि जीसी-एमएसवर (अशी रसायनं वेगळी करून ओळखणारं यंत्र) हे घटक, दोन्ही आहेत का ते पाहा.

पाच जागांचे पाच वेगळे नमुने द्या. खर्च पाचपट होईल, पण एकत्र करू नका.