सरसकट पगार कपात करायच्या आधी ग्रॅच्युइटीचा हिशोब मांडा

दादा, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून लांबलचक लिहितेय. ऑर्डर निम्म्यावर आल्यात, वीसेक माणसं आहेत आणि 1 तारखेपासून सगळ्यांचा पगार सरसकट 25 टक्के कापणार असं तुम्ही लिहिलंय. भोसरीला माझ्या दिरांचं व्हीएमसी मशीनवर (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) दुसऱ्यांचे पार्ट करून द्यायचं, म्हणजे जॉबवर्कचं युनिट होतं, हिशोब मी बघायचे, आमच्याकडे अगदी हेच झालं. किमान वेतन, पीएफ वगैरे तुम्हाला माहीत असेलच, त्यात जात नाही.

आम्हाला सगळ्यात महागात पडलं ते कन्सल्टंटने करून दिलेलं पगार कपातीचं पत्र. नाव घेत नाही. त्यांनी थेट बेसिकच, म्हणजे मूळ पगारच कापला आणि ग्रॅच्युइटीबद्दल, म्हणजे माणूस नोकरी सोडताना द्याव्या लागणाऱ्या एकरकमी पैशांबद्दल, चकार शब्द काढला नाही. ग्रॅच्युइटी शेवटच्या बेसिक आणि डीएवर (महागाई भत्ता) निघते, त्याला 26 ने भागायचं, 15 ने गुणायचं आणि मग नोकरीच्या वर्षांनी. समजा 18 वर्षं नोकरी झालेला सेटर, म्हणजे मशीन सेट करून देणारा कारागीर आहे, बेसिक 20,000, तर त्याचे 2,07,692 होतात आणि तेच बेसिक 15,000 केलं की 1,55,769. मग तो थांबेल कशाला, कपात लागू व्हायच्या आधी राजीनामा दिला की जवळपास 52,000 वाचतात आणि शेजारच्या गल्लीत जुना पगार मिळतोच. आमचे जुने सेटर असेच एकामागोमाग गेले. ज्यांना बाहेर लगेच काम मिळतं तेच आधी जातात, म्हणजे तुमचे सगळ्यात चांगले. वर ग्रॅच्युइटी 30 दिवसांत द्यावी लागते, त्यामुळे महिन्याला थोडे थोडे वाचवायला निघालो आणि एकरकमी पैसे बाहेर गेले. कन्सल्टंटला विचारलं तर म्हणे आमच्याकडे फक्त पत्राचं काम होतं. आजही तो फोन आठवला की डोकं तापतं, अहो वर्षानुवर्षं पगारपत्रक तुम्हीच करत होतात ना!

नंतरचं तुम्हाला सांगायला नको. सेटिंगला दुप्पट वेळ, रिजेक्शन, कस्टमरच्या डेबिट नोट, म्हणजे बिलातून कापलेले पैसे. राहिलेली पोरं कामचुकार नव्हती हो, पण घराचा हप्ता आणि शाळेची फी काही 25 टक्के कमी होत नाही, मग रात्री दुसरीकडे काम करायची आणि सकाळी मशीनवर पेंगायची.

अजून एक, ईएसआय म्हणजे कामगार विमा बघा. 24,000 वाला 18,000 वर आला की 21,000 च्या मर्यादेत येतो, मग महिन्याला त्याचे 135 रुपये कापले जातात आणि तुमच्या खिशातून 585 जातात.

माझं मत विचाराल तर आधी मालकाची उचल बंद करा आणि ते सगळ्यांना दाखवा. मग ओव्हरटाइम बंद, तो दुप्पट दराने जातो. तरी नाहीच भागलं तर सगळ्यांशी बोलून कामाचे दिवस कमी करा, आठवड्यातला एखाद-दुसरा दिवस, बेसिकचा दर तोच ठेवून आणि किती महिन्यांसाठी ते लेखी देऊन. रिकाम्या दिवशी माणूस दुसरीकडे चार पैसे कमावतो आणि तुमच्याकडे टिकतो. कमी पगारवाल्यांना तर हात लावूच नका. मी वकील नाही, पण कामगारांच्या पगारात बदल करायचा तर 21 दिवस आधी नोटीस लागते, आधीच्या कायद्यात होती आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. 1 तारखेपासून म्हणताय म्हणून सांगितलं, कामगार कायद्याचं काम करणाऱ्या वकिलाला दाखवाच.

आणि मोठ्या कस्टमरकडे बिलं अडकलीत का? उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी असेल तर 45 दिवसांच्या पुढे व्याज मागता येतं, कस्टमर ट्रेड्सवर (लघुउद्योगांच्या बिलांचा ऑनलाइन प्लॅटफॉर्म) असेल तर बिल तिथे डिस्काउंट करून, म्हणजे थोडी रक्कम सोडून, पैसे लवकर मिळतात. आमच्याकडे हे कुणी सुचवलंच नाही.

पाच वर्षांवरच्या लोकांचं बेसिक आणि वर्षं, नावं काढून, इथे टाका. किती ग्रॅच्युइटी अंगावर येऊ शकते ते मी मांडून देते, पत्र तोपर्यंत देऊ नका.