अहमदाबादच्या जुन्या 'मॉडर्न' इमारतींत बघण्यासारखं काय आहे?

तुम्ही लिहिलंय की अहमदाबादला एक दिवस मोकळा आहे, १९५०-६० च्या दशकांतल्या प्रसिद्ध इमारतींचे फोटो पाहिले, पण नुसतं काँक्रीट आणि विटाच दिसल्या. दोन इमारती सांगतो. त्या बघायला भर दुपारीच जा, कारण दोन्हींची रचना उन्हाचा आणि वाऱ्याचा विचार करून झालेली आहे आणि ते फोटोत कळत नाही.

पहिलं, साबरमती आश्रमातलं गांधी स्मारक संग्रहालय. मी गेलो तेव्हा मे महिना होता, दुपारचे अडीच वाजले होते. रिक्षातून उतरून सावलीत शिरलो आणि थोड्याच वेळात घाम सुकायला लागला. हे काम वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांकडे आलं तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. १९६३ साली नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं. शेजारी गांधीजींचं साधं बैठं घर, 'हृदयकुंज'. त्याच्यावर मात करेल असं काही कोरियांनी उभं केलं नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. विटा, लाकूड, कौलं, दगडी फरशी, एवढंच सामान.

आपल्याकडे वाडा खणांवर, म्हणजे खांबांमधल्या चौकोनांवर, मोजायचे, तसंच हेही मोजता येतं. ६ मीटर बाय ६ मीटरचा एक खण, असे ५१ खण. त्यातले मोजकेच भिंतींनी बंद केलेत, बाकी मोकळे, आणि मधे आभाळाखाली पाण्याचा चौक. एका खणातून दुसऱ्यात जाताना आपण आत आहोत की बाहेर, हे मधूनच विसरायला होतं. खिडक्यांना काच नाही, लाकडी पट्ट्यांच्या झडपा आहेत. झडपेपाशी हात धरून बघा, वारा लागतो.

आता मान वर करा. विटांच्या खांबांवर काँक्रीटच्या रुंद पन्हळी टाकल्या आहेत. छपराचा भार त्याच पेलतात, म्हणजे तुळईही त्याच, आणि कौलांवरचं पावसाचं पाणीही त्यांच्यातूनच वाहून जातं. पुढे संग्रहालय वाढवायचं ठरलं तर याच पन्हळींना नवा खण जोडता यावा, अशी योजना होती. एका वस्तूकडून इतकी कामं करून घेतलेली मी क्वचितच पाहिली आहेत.

दुसरी इमारत आश्रम रोडवरची, कापड गिरणीमालकांच्या संघटनेची. ल कॉर्बुझिए या वास्तुरचनाकारानं ती १९५४ मध्ये पूर्ण केली. उत्तर-दक्षिणेच्या भिंती जवळपास बंद, विटांच्या. पश्चिमेला रस्ता आणि संध्याकाळचं तिरपं ऊन, म्हणून तिकडे ऊन अडवणारे काँक्रीटचे खोल, तिरके पडदे. पूर्वेला साबरमती, तिकडचे पडदे सरळ काटकोनात, म्हणजे नदी दिसावी आणि वारा आत यावा. त्या काळी नदीच्या वाळूत रंगाऱ्यांची कापडं धुऊन वाळत पडलेली असत. गिरणीमालकांनी वरून तेच बघावं, असं कॉर्बुझिएच्या मनात होतं. रस्त्यावरून लांब रॅम्प थेट पहिल्या मजल्यावर नेतो. काँक्रीटला गिलावा नाही, शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, फळ्यांचे ठसे तसेच ठेवलेत. आत सोडतात का, हे आधी विचारून ठेवा. नाहीच सोडलं तरी चारनंतर समोरच्या फुटपाथवर उभं राहून पश्चिमेची बाजू बघा, ऊन कुठवर आत शिरतं ते.

वेळ उरला तर आयआयएममध्ये लुई कान या वास्तुरचनाकाराच्या विटांच्या कमानी आहेतच, पण त्यासाठी घाई करू नका. एकाच ठिकाणी जाणं जमणार असेल तर संग्रहालयातच जा आणि पाण्याच्या चौकाशेजारी अर्धा तास बसा. मी स्वतः तिथे फक्त उन्हाळ्यात गेलोय. त्या पन्हळी पावसात भरून वाहताना मला अजून बघायच्या आहेत.