चुंबक चिकटत नाही म्हणजे स्टील अस्सल?

ताई, तुमच्या तक्रारी दोन. अलिबागच्या घराच्या गच्चीला दोन वर्षांपूर्वी ‘३०४ चं’ (३०४ हा स्टेनलेस स्टीलचा एक ग्रेड, म्हणजे प्रत) म्हणून बसवलेलं रेलिंग तांबूस पडलंय, आणि मिसळणाच्या नव्या डब्यातल्या मिठाच्या वाटीला बुडाशी गंजाचे ठिपके आलेत. दोन्ही वेळा चुंबक लावून ‘बघा, चिकटतच नाही’ असं दाखवलं होतं. मग फसवलं का?

फॅब्रिकेशनमध्ये तीस वर्षं काढली, त्या हिशेबाने सांगतो. वाटीच्या बाबतीत फसवणूक झालेलीच नसेल. रेलिंगचं बघावं लागेल. आणि चुंबकाचा तो प्रयोग दोन्हीकडे बिनकामाचा.

३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. निकेलमुळे त्याला चुंबक धरत नाही, इथवर बरोबर. पण निकेल महाग. म्हणून २०१, २०२ या स्वस्त मालात निकेल कमी करून मँगनीज आणि नायट्रोजन घालतात, आणि त्यालाही चुंबक चिकटत नाहीच! उलट अस्सल ३०४ चा पत्रा दाबून खोल डबा काढला की त्याच्या वळणावर चुंबक किंचित धरतो. ४३० या ग्रेडमध्ये निकेल जवळजवळ नसतंच, त्याला तर चुंबक चांगला चिकटतो, पण म्हणून ते टाकाऊ नाही. इंडक्शनवर चालणाऱ्या भांड्यांच्या बुडाला मुद्दाम तेच लावतात. चुंबक एवढंच सांगतो की आतली रचना कुठली. माल किती गंजेल, हे त्याला कळत नाही.

गंज अडतो तो क्रोमियममुळे. किमान साडेदहा टक्के असलं की हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा थर धरतो. थर कसला, काही नॅनोमीटरचा पापुद्रा. ओरखडा पडला तरी हवा लागली की परत धरतो, म्हणून वर्षानुवर्षं घासलेलं ताटही गंजत नाही. या पापुद्र्याचा सगळ्यात मोठा वैरी क्लोराइड. म्हणजे मीठ, समुद्राची हवा, ब्लीच आणि फरशी धुवायचं ॲसिड.

आता ती वाटी हातात घ्या आणि मीठ काढून बुडाकडे बघा. सगळीकडे गंज नसेल. टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतील, तेही बहुधा जिथे ओलं मीठ चिकटून बसलं होतं तिथेच. ओल्या हाताने मीठ घेतो, पाणी तळाशी उतरतं, मिठाखाली हवा पोचत नाही, आणि फुटलेला पापुद्रा परत धरत नाही. ३०४ ची वाटी असती तरी उशिरा का होईना, हेच झालं असतं. आपल्या आज्या मीठ आणि लोणचं चिनी मातीच्या बरणीत ठेवायच्या ते उगाच नाही. पातेल्यातसुद्धा गार पाण्यात मीठ टाकून तसंच ठेवू नका, उकळी आल्यावर टाका. पातेल्याला आतून निळी-जांभळी झाक आली तर मात्र घाबरू नका, तापून थर जरा जाड झालाय एवढंच. लिंबू फिरवलं की जाते.

रेलिंगसाठी एक करा. पाइपाच्या खालच्या बाजूने बोट फिरवा. वरचा भाग पावसाने धुतला जातो, खालचा नाही, त्यामुळे खारी हवा तिथेच साचते. सगळीकडे चहाच्या डागासारखी पातळ तांबूस छटा असेल आणि ओल्या फडक्याने बरीचशी निघत असेल, तर माल ३०४ असूही शकतो. समुद्राजवळ ३०४ ला असं होतं. तिथे खरं तर ३१६ हवं, ज्यात क्लोराइडला तोंड देणारा मॉलिब्डेनम हा धातू दोन-तीन टक्के असतो. मॅट फिनिश असेल तर आणखी वाईट, त्याच्या बारीक रेघांत मीठ अडकतं. आणि गंज फक्त सांध्यांपाशी असेल तर दोष कामाचा. साध्या लोखंडावर वापरलेलं ग्राइंडरचं चाक यावर फिरवलं की लोखंडाचे कण रुततात आणि तेच गंजतात. वेल्डिंगचा काळपट डाग साफ न करता तसाच सोडला, तर तिथलं क्रोमियमही कमी पडतं. डोळ्यादेखत असं काम चालताना मी किती वेळा पाहिलंय!

मीही यातून सुटलेलो नाही. घरात नवी फरशी बसवली तेव्हा मिस्त्रीने ती ॲसिडने धुतली आणि खिडक्या बंद करून गेला. सकाळी पाहतो तर सिंक आणि ट्रॉल्यांवर तांबडी पावडर. ॲसिडचा थेंब कुठे उडाला नव्हता, नुसत्या वाफेने झालं. माल अस्सल ३०४ होता, बिल माझ्याकडे होतं! दोन दिवस खाण्याचा सोडा आणि मऊ फडकं घेऊन घासत बसलो. तारेची घासणी चुकूनही लावू नका, तिचे तुकडे राहतात आणि तेही गंजतात.

दुकानदाराशी भांडायचंच असेल तर चुंबक सोडा. भंगारवाल्यांकडे आणि मोठ्या फॅब्रिकेटरकडे एक छोटी बाटली असते, तिचा थेंब टाकून बॅटरी लावली की मँगनीजवाल्या मालावर रंग बदलतो. खात्रीच हवी तर हातात धरायच्या एक्स-रे यंत्राने क्रोमियम-निकेलचे आकडेच मिळतात. पुढच्या वेळी बिलावर नुसतं ‘एसएस’ (स्टेनलेस स्टील) नको, ग्रेड लिहून घ्या.

तूर्तास वाटी काचेची किंवा चिनी मातीची बसवा, डबा आहे तोच राहू द्या. रेलिंग महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते नको. आणि एखाद्या सांध्याचा खालून काढलेला फोटो टाका, म्हणजे बफिंगवर (घासून चकाकी आणण्यावर) भागेल की पाइप बदलावे लागतील ते सांगता येईल.