मानेतली कृत्रिम डिस्क आणि अडकणारा घास

प्रश्न : माझे वय 46 आहे. मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली डिस्क सरकून नस दाबली गेल्यामुळे आठ महिन्यांपूर्वी तिथे कृत्रिम डिस्क बसवली. डाव्या हातातली कळ लगेच थांबली; पण कोरडी भाकरी अजूनही पाण्याच्या घोटाशिवाय खाली उतरत नाही. शिवाय नव्या एक्स-रेच्या अहवालात डिस्कभोवती ‘तिसऱ्या श्रेणीचे’ हाड वाढल्याचे लिहिले आहे. ते गोळ्यांनी विरघळेल का, की डिस्कच काढावी लागेल? — एक वाचक, सांगली

उत्तर : अहवालातल्या ज्या ओळीने तुमची झोप उडाली आहे, तिच्यापेक्षा मला तुमच्या भाकरीची काळजी अधिक वाटते.

ही शस्त्रक्रिया गळ्याच्या पुढच्या बाजूने, श्वासनलिका आणि अन्ननलिका बाजूला ओढून धरून करतात. त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे घास अडकणे किंवा आवाज बसणे हे नेहमीचेच असते आणि बहुतेकांच्या बाबतीत ते हळूहळू कमी होते. आठ महिन्यांनंतरही त्रास टिकून असेल, तर डिस्क पुढे सरकून अन्ननलिकेला टेकली आहे का, हे बाजूने काढलेल्या एक्स-रेत पाहून, बेरियम पाजून गिळण्याची तपासणीही करून घ्यायला हवी. डिस्क सरकलेली निघाली, तर मात्र पुन्हा शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

आता हाडाविषयी. या वाढीच्या शून्य ते चार अशा श्रेणी मानतात; तिसऱ्या श्रेणीत हाडाचा पूल तयार होऊ लागतो, तरी थोडी हालचाल शिल्लक असते, आणि चौथ्या श्रेणीत ते दोन मणके पूर्ण जुळतात. म्हणजे अगदी टोकाला गेले तरी, कृत्रिम डिस्क येण्याआधीपासून सर्रास होणाऱ्या मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेतून जे साधतात, तेच तुमच्या मानेत आपोआप घडेल. हालचाल राखण्यासाठी महागडी डिस्क बसवली आणि तीच हालचाल गेली, ही खंत रास्त आहे. परंतु हातातली कळ परतलेली नसताना केवळ एक्स-रेवरून डिस्क काढणे मला पटत नाही. सूज उतरवणाऱ्या गोळ्या हाड वाढू नये म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत देतात. तयार झालेले हाड त्यांनी विरघळत नाही, उलट जठराला आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, तेव्हा त्या स्वतःहून सुरू करू नका.

मान पुढे वाकवून आणि मागे टाकून काढलेले एक्स-रे जुन्या फिल्मशी ताडून पाहायला सांगा. डिस्क मणक्यात रुतली आहे का किंवा सैल झाली आहे का, तेही त्यातून कळते. तपासणीला जाताना शस्त्रक्रियेचा कागद आणि डिस्कचे स्टिकर असलेले कार्ड सोबत न्या, कारण धातूनुसार एमआरआयमधले चित्र कमी-अधिक धूसर येते.

शर्टाची बटणे लावताना बोटे चुकू लागली, पायातली चप्पल नकळत निसटू लागली, हाताची ताकद कमी झाली किंवा मानदुखीबरोबर ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी सर्जनला गाठा.